आज कोणी वारलेले नाही

भुसावळ
सोमवार, दि. १८ नोव्हेंबर २०२४

सौ. रूपा शाहबाज पिंजारी, पाचोरा, यांस
झुलाल शांतवन सोनवणे याचा सलाम.

पत्रास कारण की, आपल्या मुलीच्या शाळेची पाचवीची सहल शुक्रवार, दि. १३ डिसेंबर रोजी भुसावळचं आमचं जुनं चर्च पाहायला येत आहे. सहलींचं नियोजन माझ्याकडे असतं. वर्गशिक्षिका पुनम मॅडम यांनी एकेचाळीस मुलांची यादी पाठवली आहे. चाळीस संमतीपत्रं आली. एक आलेलं नाही. तरी आपण कृपया

इथवर लिहून दोन दिवस कागद तसाच ठेवला होता. हे आपण-आपण मला जमत नाही. तुला मी लंगडीत हरवलंय, आता आपण काय म्हणू?

रूपा, यादीत मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, पत्ता असे रकाने असतात. अठ्ठाविसावं नाव मिसबाह शाहबाज पिंजारी. आईच्या रकान्यात रूपा. मी चष्मा पुसून परत वाचलं. जगात रूपा पुष्कळ असतील, पण शाहबाजची रूपा एकच. दहा वर्षांची झाली पोरगी आणि मला तिचं नाव शाळेच्या यादीतून कळावं. पाचोरा काही लांब नाही गं, गाडीनं तासाभराचा रस्ता. पण तेरा वर्षांत मी पाचोऱ्याचं तिकीट काढलं नाही.

आता तू म्हणशील, बाबा आणि शाळेच्या पोरांत? ज्याला पोरांचा गलका सहन होत नाही तो माणूस? खरं आहे. पण रिटायर होऊन आठ वर्षं झाली. यार्डात वॅगनच्या चाकांवर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखायचा, एवढंच मला येत होतं आणि ते आता कोणाला नको. कॉलनीतली निम्मी क्वार्टर्स पाडली. उपासनेला वीस-पंचवीस डोकी असतात. पाळकसाहेब म्हणाले, शाळा जुन्या वास्तू दाखवायला मुलांना नेतात, आपलं चर्च का नको? आणि ते सगळं माझ्या गळ्यात घातलं.

मीही मग ते रेल्वेसारखं लावलं. एका वेळी पंचेचाळीसच्या वर मुलं नाहीत. चपला पोर्चमध्ये, ओळीनं. आधी बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, मग व्यासपीठ, मग टॉवर, शेवटी जुन्या नोंदवह्या आणि मग लिंबाखाली डबा. मुलं एकच प्रश्न विचारतात, इथं भूत आहे का. मी सांगतो, आहे, पण ते रविवारी सुट्टीवर असतं. तुझ्या आईच्या हातचं वेदीवरचं क्रोशाचं कापड मुलींना फार आवडतं. हात लावू का म्हणतात. मी लावू देतो.

एक गंमत सांगतो. ऑगस्टमध्ये बोदवडची पहिली शाळा आली. तेहतीस पोरं. प्रत्येकाला घंटेचा दोर एकदा ओढू द्यायचा असं मी ठरवलं होतं. आता एकानं ओढायचा, बाजूला व्हायचं, दुसऱ्यानं पुढं यायचं, यात मध्ये वेळ जातोच. तेहतीस ठोके, मध्ये मध्ये थांबून. माझ्या लक्षातच आलं नाही. टॉवरमधून बाहेर येतो तर फाटकात पंधरा माणसं उभी, बायांच्या डोक्यावर पदर. कोण गेलं म्हणून विचारतात. तेहतीस वर्षांचं कोण होतं आपल्यात? एक बाई तर आधीच रडायला लागली होती. आपल्याकडे मयताची घंटा कशी वाजवतात हे माझ्याहून जास्त कोणाला ठाऊक? जितकं वय तितके ठोके, दोन ठोक्यांमध्ये दहा अंक मोजायचे. चाळीस वर्षं मीच वाजवली आणि मीच चुकलो. त्या दिवसापासून सहल असली की फाटकावर पाटी लावतो. 'शाळेची सहल आहे. आज कोणी वारलेले नाही.' आणि प्रत्येक मुलाला दोन झटके, भरभर.

हसलीस का? हसली असशील तर बरं.

घरी आहे ते ठीक आहे. अंगणातली अबोली उन्हाळ्यात गेली, नवीन लावली नाही.

मिसबाहला पाठव. मी तिला काही बोलणार नाही, मी कोण तेही सांगणार नाही. बाकीच्या चाळिसांसारखीच तिलाही चर्च दाखवीन. कोरं संमतीपत्र सोबत जोडलं आहे, सही करून शाळेत दे.

आपला,
झु. शां. सोनवणे
चर्च देखभाल, भुसावळ

•

भुसावळ
मंगळवार, दि. ३ डिसेंबर २०२४

रूपास सलाम.

तुझं संमतीपत्र पुनम मॅडमनी आज पाठवलं. तुझी सही बदलली आहे. आधी तू 'रू'ला मोठी शेपटी काढायचीस.

सहीच्या खाली तू लिहिलं आहेस, 'माझ्या मुलीला घंटेला हात लावू देऊ नये.' खाली दोन रेघा. पुनम मॅडमनी फोनवर विचारलं, काका, या पालकांना घंटेची भीती कशाची? मी म्हणालो, आईची काळजी असते, दोर जाड आहे, हात सोलतात. त्यांना पटलं.

मागच्या पत्रात मी घंटेची गंमत सांगितली. तुला ती गंमत सांगायला मला काही वाटलं कसं नाही, हे मी पत्र पेटीत टाकून घरी आलो तेव्हा डोक्यात आलं. खरं म्हणजे ती गंमत लिहिताना दुसरीच गोष्ट लिहायची होती, आणि हात वळला नाही. आज लिहितो.

अकरा फेब्रुवारी, दोन हजार अकरा. दुपारची साडेतीनची वेळ. तू टेबलावर चिठ्ठी ठेवून गेलीस. मी ड्यूटीवरून आलो, चिठ्ठी वाचली. शाहबाजबद्दल मला काय राग होता असं आज कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. चांगला कारागीर पोरगा. त्याच्या बापानं, सरदारभाईनं, बनवलेली पत्र्याची पेटी मी नोकरीभर वापरली. एक कडी कधी निखळली नाही. तेही एकमेकांना सलाम म्हणतात, आपणही सलामच म्हणतो. पण त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसलं की माझी पोरगी मला न विचारता गेली, आणि रविवारी सगळे माझ्याकडे बघतील.

मी टॉवरची किल्ली घेतली.

चोवीस ठोके. मध्ये दहा-दहा अंक मोजले. एकही चुकवला नाही. तुझी गाडी अजून सुटलेली नव्हती, तू फलाटावर होतीस. घंटा स्टेशनपर्यंत ऐकू जाते हे मला माहीत होतं. रूपा, माहीत होतं म्हणूनच वाजवली. तू मोजशील हेही माहीत होतं. लहानपणी घंटा वाजली की तू हातातलं टाकून मोजायचीस आणि मला येऊन सांगायचीस, बाबा, ब्याऐंशी, म्हातारं माणूस होतं, बरं झालं.

तुझी आई भाजीबाजारात होती. तिनंही मोजले. कॉलनीत चोवीस वर्षांची दुसरी कोणी नव्हती. तिला वाटलं तू गाडीखाली आलीस. त्या गुडघ्यांनी ती बाजारापासून चर्चपर्यंत पळत आली. टॉवरच्या दारात आली तेव्हा पिशवीत मेथी होती आणि पायात एकच चप्पल. मी म्हणालो, आपली पोरगी गेली. ती म्हणाली, कुठं आहे? मी म्हणालो, त्या शाहबाजबरोबर गेली, माझ्यासाठी मेली. तेव्हा ती तिथंच खाली बसली. साक्रीकडची असून कॉलनीत ती कधी अहिराणी बोलायची नाही, लोक हसतात म्हणून. त्या दिवशी बोलली. "जित्ती पोरनी घंटा वाजाडी तू?" एवढंच. जिवंत पोरीची घंटा वाजवलीस. त्या साली ईस्टरआधीच्या उपासकाळाचे चाळीस दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नंतर बोलायला लागली, पण जेवायला वाढलंय, गोळी घेतली का, पंखा बंद करा, एवढंच.

पाळकसाहेबांनी मला पंधरा दिवस घंटेपासून लांब ठेवलं. शिक्षा म्हणून ती काहीच नव्हती. पुढं तुझे दोन फोन आले. दोन्ही मी उचलले आणि तुझा आवाज ऐकून ठेवून दिले. तुझ्या आईला सांगितलं, राँग नंबर. तिला कळलं असणार. माझं खोटं तिला नेहमी कळायचं.

माफ कर असं लिहिणार होतो. पण माफी मागायलाही तोंड लागतं, आणि माझं तोंड त्या दोन फोनांनंतर राहिलं नाही. तुझी अट पाळली जाईल. मिसबाहला मी घंटेजवळ जाऊ देणार नाही.

संमतीपत्राच्या मागे तू पेन्सिलीनं एक ओळ लिहिली आहेस, 'आईच्या गुडघ्यांचं कसं आहे?' ती ओळ मी बऱ्याच वेळा वाचली.

गुडघे आता दुखत नाहीत.

जास्त पुढं कधी लिहीन. नाताळची साफसफाई काढली आहे, बाकं पुसायची आहेत.

खाली काय सही करावी ते कळत नाही. नुसतं नाव लिहितो.

झुलाल

•

भुसावळ, चर्च
शुक्रवार, दि. १३ डिसेंबर २०२४, दुपारी सव्वा वाजता

रूपा,

मुलं लिंबाखाली डबा खात आहेत. त्यांची गाडी पावणेतीनची आहे. यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितो आहे, दुसरा कागद शोधायला वेळ नाही. हे पत्र मिसबाहच्या दप्तरात जाईल. पुनम मॅडमना सांगून ठेवतो की ते तुझ्याच हातात पडलं पाहिजे. तू हे आधी वाच आणि मगच पोरीला सहलीचं विचार.

आधी तिचं सांगतो. दोन वेण्या, एक सुटलेली. उजव्या बोटाला शाई. चप्पल काढताना तिनं दुसऱ्या मुलांच्या चपलाही सरळ लावल्या. कुंडाजवळ हात वर करून म्हणाली, सर, यात पाणी का नाही? आजवर एकाही शाळेनं हे विचारलं नव्हतं. मला सर म्हणाली. मग हळूच आजोबा म्हणायला लागली, माझ्या केसांकडे बघून असेल. मी कोण ते मी सांगितलं नाही. शब्द पाळला.

घंटेच्या वेळी मी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि स्वतःही बसलो. दोराजवळ पाळकसाहेब उभे राहिले. ती मोजायला लागली. तुझ्यासारखीच, ओठ हलवत. चाळीस पोरांचे दोन-दोन, ऐंशी व्हायला पाहिजेत, तर एकोणऐंशीच झाले म्हणाली, कोणीतरी एकदाच ओढलं. मग विचारलं, मला का नाही ओढू देत? मी म्हणालो, तुझ्या आईला विचार. ती म्हणाली, अम्मीला विचारलं होतं, ती नुसती कपड्यांच्या घड्या करत बसली.

आता ते सांगायचं जे सांगायचं नव्हतं.

शेवटी नोंदवह्या दाखवतो. दफनाची वही शंभर वर्षांपूर्वीची, पण आपल्याकडे माणसं थोडी, म्हणून तीच अजून चालू आहे. मी नेहमी पहिलं पान उघडून ठेवतो. इंग्रज ड्रायव्हर, गार्ड, त्यांची लहान मुलं. पण पोरांना पहिलं नको असतं, त्यांना शेवटचं पाहिजे असतं. शेवटचं नाव कोणाचं, आजोबा? आज मी पाळकसाहेबांशी दोन शब्द बोलायला वळलो तेवढ्यात त्यांनी पानं उलटली. आणि वाचायला पुढं कोण, तर मिसबाह. मोठ्यानं वाचलं, अक्षर न् अक्षर सुटं.

इंदिराबाई झुलाल सोनवणे. वय एकसष्ट. नऊ जून, दोन हजार चोवीस.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, माझ्या नानीचं नाव पण इंदिराबाई आहे. ती पण भुसावळलाच असते. तिचे गुडघे दुखतात.

मी वही मिटली आणि डबे खायला सोडलं. तिला काही कळलं नाही. पण आज घरी आल्यावर ती तुला सगळं सांगेल, पोरं सांगतातच. अम्मी, तिथं नानीच्या नावाची एक बाई होती. म्हणून हे पत्र तिच्या आधी तुझ्यापर्यंत यायला पाहिजे.

रूपा, तुझी आई गेली. सहा महिने झाले. गुडघे आता दुखत नाहीत असं मी तुला लिहिलं. ते खोटं नव्हतं, म्हणूनच ते खोट्याहून वाईट होतं.

तिच्या छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यात तीन दिवस होती. पहिल्याच दिवशी म्हणाली, रूपाला बोलवा. तेरा वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे काही मागितलं. मी म्हणालो, बोलावतो. तुझा नंबर माझ्याकडे नव्हता, पण बाजारात शाहबाजच्या चुलतभावाचं, अतिकचं दुकान आहे, त्याच्याकडे असणार हे मला ठाऊक होतं. गेलो. दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो. अतिक गिऱ्हाइकाशी बोलत होता. मी मनात वाक्य जुळवत उभा राहिलो. ज्या पोरीची घंटा वाजवली तिचा नंबर द्या, हे कसं म्हणायचं? परत फिरलो. दवाखान्यात तिनं विचारलं, सांगितलं? मी म्हणालो, सांगितलं, येते आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा पायरीवरून परत. तिनं नर्सला केस विंचरून द्यायला सांगितलं होतं, रूपा येणार म्हणून. तिसऱ्या दिवशी पहाटे ती दाराकडे बघत गेली.

पाचोऱ्याहून तू तासाभरात आली असतीस. आली असतीस ना? हे मी रोज विचारतो आणि रोज उत्तर तेच येतं. घंटेच्या वेळी मला रागाचा तरी बहाणा होता. त्या पायरीवर राग नव्हता. लाज होती, नुसती लाज, आणि मी ती लाज तुझ्या आईपेक्षा मोठी धरली.

आदल्या संध्याकाळी ती मला म्हणाली होती, "मनाकरता तू घंटा वाजाडू नको. रूपा ई तं ती वाजाडी." माझ्यासाठी तू नको वाजवूस, रूपा आली तर ती वाजवेल. तिला कळलं होतं रूपा, की तू त्या दिवसांत येणार नाहीस आणि का येणार नाहीस. माझं खोटं तिला नेहमी कळायचं हे मी तुला लिहिलंच आहे. तरी तिनं केस विंचरून घेतले.

तिला घंटेशिवाय पुरलं. पाळकसाहेब होते आणि सहा-सात माणसं. घंटा वाजली नाही म्हणून कॉलनीबाहेर कोणाला कळलंच नाही. अतिकलाही नाही. मागच्या महिन्यात बाजारात भेटला तर म्हणाला, काका, काकींना सलाम सांगा. मी म्हणालो, सांगतो. मी अजून बायकोला सलाम सांगतो आहे.

मग ही यादी आली, अठ्ठाविसावं नाव आलं. वाटलं, पोरगी बघून घ्यावी, मग सांगावं. एकदा तिला बघू दे, नंतर रूपा तोंडावर थुंकली तरी चालेल. म्हणून पहिल्या पत्रात सहल लिहिली, दुसऱ्यात घंटा लिहिली, आणि जे लिहायचं ते लिहिलं नाही. तू माझ्याकडे पोरगी पाठवलीस आणि मी तुला फसवून घेतली. हे तुला माहीत असू दे.

पुनम मॅडम शिट्टी वाजवत आहेत. मुलं हात धुतात.

आता मागतो ते ऐक. माझ्यासाठी नाही. तिचे एकसष्ट ठोके राहिले आहेत. ते मला वाजवता येत नाहीत, वाजवायचेही नाहीत. तू ये. शाहबाजला घेऊन ये, मिसबाहला आण, एकटी ये, कशीही ये. मी समोर नको असेन तर त्या दिवशी मी बोदवडला भावाकडे जाऊन बसेन, किल्ली पाळकसाहेबांकडे असेल. दोर तुझ्या उंचीला सोडून ठेवतो. दोन ठोक्यांमध्ये दहा मोजायचे, तुला सांगायला नको. मिसबाहनं तुझ्या हातावर हात ठेवला तर ठेवू दे, पण घंटेची ती अट तुझी आहे, मी मोडणार नाही. कबर लिंबाच्या पलीकडे, भिंतीकडून तिसरी. अबोली तिथं लाव, घरी लावून उपयोग नाही.

लोक येतील फाटकात. विचारतील कोण गेलं, एकसष्ट वर्षांचं. येऊ दे त्यांना.

ज्या दिवशी तू येशील त्या दिवशी फाटकावर पाटी लावणार नाही.

तुझा बाप,
झुलाल